आपल्याच ऑफिसातल्या माणसांचा 'युजर रिसर्च' कोणी केलाय का? (अनुभव आणि एक माती खाल्ल्याची गोष्ट)

चिकटचिठ्ठी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच मोठा धागा, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स रिसर्चर आहे. ट्रान्सपोर्टवाले, गोडाऊनवाले, बुकिंग क्लार्क हे आमचे युजर. त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, ते आमचं सॉफ्टवेअर कसं वापरतात, कुठे अडतात, कुठे शिव्या घालतात ते टिपायचं, हे माझं काम. मागच्या वर्षी एक प्रोजेक्ट मधेच बंद पडला, मी रिकामी, तर एका मॅनेजरने (भला माणूस आहे, पुढे वाचून गैरसमज नको) विचारलं की बाहेरच्यांचं एवढं बघतेस तर आपल्या सपोर्ट टीमचंही बघ ना जरा. तक्रार अशी होती की सपोर्टवाले उठसूट प्रत्येक तिकीट (म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद) डेव्हलपरांकडे ढकलतात, सगळ्याला 'पी१' (म्हणजे सगळ्यात तातडीचं; पी३ म्हणजे सावकाश) लावतात, आणि वर वर्षभरात तिघांनी राजीनामे दिले. एचआरचा वार्षिक सर्व्हे होता त्यात मात्र टीमचा स्कोअर पाचपैकी चारच्या वर. म्हणजे लोक खूश आहेत आणि सोडून चाललेत!

सर्व्हेचं रहस्य पहिल्याच दिवशी कळलं. 'अनामिक' म्हणून जी लिंक यायची ती उघडायला कंपनीचा लॉगिन लागायचा. कोण खरं लिहिणार? सगळ्यांनी चार-पाच-चार-पाच असं टिचकवून टाकलेलं.

मी आधी नेहमीसारखे इंटरव्ह्यू लावले. मीटिंग रूम, काचेचा दरवाजा, समोर लॅपटॉप. आणि काय मिळालं तर 'अलाइनमेंट', 'बँडविड्थ', 'कम्युनिकेशन गॅप', सगळे पीपीटीतले शब्द. 'काय अडचण येते?' विचारलं की 'नाही मॅम, सगळं ओके आहे.' मॅम! ज्या पोराबरोबर मी रोज कँटीनला पोह्यांच्या लायनीत उभी असते तो मला मॅम म्हणायला लागला, फक्त मी वही उघडली म्हणून. तीन इंटरव्ह्यू झाल्यावर ते बंद केले आणि जे ट्रान्सपोर्टच्या क्लार्कसोबत करते तेच करायचं ठरवलं, म्हणजे शेजारी खुर्ची टाकून बसायचं. टीम अकरा जणांची. जो हो म्हणेल त्या प्रत्येकाबरोबर एक अख्खी शिफ्ट, त्यात चार रात्रपाळ्या.

रात्रपाळीने माझे डोळे उघडले. आमच्या सिस्टिममधून ई-वे बिल (मालाच्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा परवाना) निघतं. ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री बाराला संपते, आणि वाढवायची तर संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवता येते. म्हणजे बारा वाजले की फोन सुरू. कुठेतरी नाक्यावर गाडी उभी आहे, ड्रायव्हर मालकाला झोपेतून उठवतोय, मालक क्लार्कला आणि क्लार्क आमच्या सपोर्टला. पाऊण वाजता त्या पोराच्या दोन्ही कानांना दोन फोन होते. आणि मॅनेजमेंटचा डॅशबोर्ड काय दाखवतो? 'आजची एकूण तिकिटं'. तास नाहीच त्यात. दिवसाची अकराची कॉफी झाल्यावर आलेलं तिकीट आणि रात्री पाऊणला आलेलं तिकीट दोन्ही सारखीच.

आता त्याला डेव्हलपरकडे तिकीट टाकायचंय. फॉर्ममध्ये तेवीस रकाने, सगळे कंपल्सरी. मी मोजले, कारण तो भरत होता तेव्हा मला दुसरं काही कामच नव्हतं. ब्राउझर व्हर्जन, क्लायंटचा करार क्रमांक, असलं काय काय. कानाला फोन, एका हाताने टायपिंग. ज्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला माहीत नव्हतं तिथे तो एक टिंब टाकायचा. नुसतं फुलस्टॉप. टिंब, टॅब, टिंब, टॅब. आणि एका ठिकाणी यादीतून निवडायचं होतं, 'मूळ कारण'. अरे, मूळ कारण माहीत असतं तर तो तिकीट कशाला टाकेल? तर यादीतला पहिला पर्याय होता 'डेटाबेस', तो तेच ठोकून पुढे. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी, तेच. तिसरा, तेच.

आता गंमत ऐका. दर महिन्याच्या रिपोर्टात 'मूळ कारण: डेटाबेस' हा खांब सगळ्यात उंच असायचा आणि त्यावरून दोन माणसं पाच महिने डेटाबेस वेगवान करायच्या कामाला लावलेली होती. यादीत डेटाबेस पहिला होता, एवढंच कारण!

आणि 'पी१' का? तर एकाने मला पी३ची जुनी तिकिटं उघडून दाखवली, सहा महिने कोणी हातही लावला नव्हता. म्हणाला, "पी३ म्हणजे डस्टबिन." ह्याला मॅनेजर ॲटिट्यूड प्रॉब्लेम म्हणत होते.

अजून एक सापडलं. टीमची एक छुपी एक्सेल फाइल होती, तिचं नाव 'किराणा यादी', म्हणजे कोणी चुकून उघडू नये. आत प्रत्येक डेव्हलपरचं नाव आणि पुढे रकाने: फोन उचलतो का, कोणत्या मॉड्यूलचं खरंच कळतं (ऑर्ग चार्टमध्ये काय लिहिलंय ते नाही), किती वाजेपर्यंत जागा असतो, आणि शेवटचा 'कसा बोलायचं' (व्याकरण त्यांचंच). ती फाइल म्हणजे अख्ख्या कंपनीचा खरा नकाशा होता. ती मला दाखवली तो दिवस माझ्यासाठी मोठा, कारण दाखवण्याआधी त्यांनी आपसात दोन दिवस चर्चा केली होती हिला दाखवायची का.

माती कुठे खाल्ली ते खाली प्रतिसादात लिहीन, हा लेख फार लांबला. तुमच्यापैकी कोणी स्वतःच्याच टीमवर असलं काही केलंय का? किंवा तुमच्यावर कोणी केलंय का?

---

गूळपोळी

जबरी लिहिलंय, टिंब-टॅब-टिंब वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे 'रिमार्क्स' कंपल्सरी आहे तिथे सगळे 'ओके' लिहितात, एकाने रागाने गणपती बाप्पा मोरया लिहिलं होतं, दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चाकणकर_७

ह्याला आमच्याकडे गेम्बा वॉक म्हणतात, म्हणजे जिथे काम चालतं तिथे जाऊन स्वतः बघायचं. चाकणला मशीन शॉप बघतो मी. टोयोटावाल्या ओनो साहेबांची गोष्ट सांगतात ना, जमिनीवर खडूने गोल काढायचा आणि नव्या इंजिनिअरला त्यात उभं करायचं, बघत राहा म्हणून, तासन् तास. ट्रेनिंगमध्ये हे ऐकून फार भारी वाटलं होतं. प्रत्यक्षात आमच्याकडे गेम्बा वॉक म्हणजे आदल्या दिवशी पिवळे पट्टे रंगवायचे, सगळ्यांना नवे हातमोजे, साहेब येणार, सेल्फी काढणार, 'गुड, गुड' करून जाणार. रंग ओला असतो कधीकधी. तुम्ही अख्खी शिफ्ट बसलात म्हणजे पहिला तासभर तुम्हालाही ओला रंगच दिसला असणार, बरोबर?

---

चिकटचिठ्ठी

चाकणकर, एकदम बरोबर. पहिला तास सगळे टापटीप असतात, फॉर्म नीट भरतात, फोनवर 'हाऊ मे आय हेल्प यू' वगैरे. मग एखादा खरा कटकट्या फोन येतो आणि माणूस मी आहे हे विसरतो. त्यामुळे दोन तासांत उरकायचा हा प्रकार नाही.

प्रश्न विचारण्याबद्दल एक शिकले ते सांगते. 'तुमच्या अडचणी काय' हा प्रश्नच बाद. त्याऐवजी 'काल रात्रीचं शेवटचं तिकीट उघडून दाखव, आधी काय झालं, मग तू काय केलंस'. एकच घडलेला प्रसंग धरायचा आणि सोडायचा नाही. ही युक्ती जुनी आहे, जॉन फ्लॅनगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली लिहून ठेवली, मूळ काम दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वायुदलातल्या वैमानिकांवर केलेलं. 'चांगला वैमानिक कसा असतो' असं विचारलं की लोक भाषण देतात, 'अमुक वेळी नेमकं काय घडलं' विचारलं की माहिती देतात. आपल्याकडे पण तेच, आजीला 'तब्येत कशी आहे' विचारा, बरी आहे म्हणेल, 'काल रात्री किती वेळा उठलीस' विचारा मग कळतं.

---

तिरकस

छान छान. आता एक शंका. माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून आठ तास वही घेऊन बसायचं ह्याला पूर्वी पाळत ठेवणं म्हणायचे, आता रिसर्च म्हणतात एवढाच फरक आहे का? आणि ते हॉथॉर्न इफेक्ट वगैरे ऐकलं असेलच, बघतंय म्हटल्यावर लोक वेगळं वागतात. मग तुमच्या निष्कर्षांना अर्थ काय?

---

हातमाग

तिरकस, हॉथॉर्नचं नाव काढलंत म्हणून लिहितो, कारण त्या प्रकरणातला दिव्यांचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो आणि खरा मजेशीर भाग कोणी सांगत नाही.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, १९२४ ला तिथे उजेड कमीजास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो ते बघायला सुरुवात झाली. पुढे १९२८ पासून त्यांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, थोड्याथोडक्या नाही, २१,००० च्या वर. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते, मुकादम कसा आहे, जागा कशी आहे वगैरे. कामगार दुसरंच बोलायचे, मुलाखत घेणारे त्यांना परत प्रश्नावर आणायचे. शेवटी त्यांनी प्रश्नच सोडून दिले, माणूस बोलेल ते ऐकायचं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली आणि तेव्हा कुठे काही कळायला लागलं. धागाकर्तीची काचेची मीटिंग रूम आणि हे एकच.

त्याहून भारी म्हणजे शेवटचा प्रयोग, चौदा कामगारांची एक खोली, कोपऱ्यात एक निरीक्षक नुसता बसलेला. हॉथॉर्न इफेक्टप्रमाणे तिथे उत्पादन वाढायला हवं ना? नाही वाढलं. कामगारांनी आपसात दिवसाचं काम ठरवून घेतलं होतं, त्याच्या वर कोणी केलं तर दुसरे त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचे. आणि रोजचा आकडा लिहिताना सगळं सारखं दिसेल असं लिहायचे, आज जास्त झालं तर थोडं उद्यासाठी राखून. हे निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत. तेव्हा 'बघतोय म्हणून वागणं बदलतं' हे अर्धंच खरं आहे, कोण बघतोय आणि त्याच्या हातात काय आहे ह्यावर ते ठरतं.

---

निवृत्त_लेखनिक

आमच्या बँकेत सत्तरच्या दशकात हेड ऑफिसातून 'ऑर्गनायझेशन अँड मेथड्स'ची माणसं यायची. सोबत स्टॉपवॉच. टोकन दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचे. स्टॉपवॉच आलं की आमचा कॅशियर प्रत्येक नोट दोनदा मोजायचा, एरवी एकदा. कारण उघड होतं, वेळ कमी दिसला तर एक माणूस कमी होणार. आणि स्टॉपवॉचवाल्यांच्या मागोमाग युनियनचा माणूसही येऊन बसायचा, मग काउंटरला कोण कोणाला बघतोय तेच कळेना.

एक मात्र त्यांच्या ध्यानात कधी आलं नाही. शाखेत नेमकं काय चालतं हे आमच्या शिपायाला ठाऊक होतं. कुठलं लेजर कोणाच्या टेबलाखाली अडकलंय, कोणाची सही कुठल्या वेळी मिळते, सगळं. त्याला कोणी विचारलं नाही. तुम्ही सपोर्टच्या पोरांना विचारलंत हे चांगलं केलंत, ऑफिस बॉयलाही विचारलं असतंत तर अजून मिळालं असतं असं आपलं मला वाटतं.

---

चिकटचिठ्ठी

काका, दंडवत! ऑफिस बॉय राहिलाच हो. पुढच्या वेळी नक्की.

तिरकस, पाळत आणि रिसर्च ह्यातला फरक काय ह्याचं उत्तर मला तात्त्विक येत नाही, व्यवहारातलं सांगते. सुरू करायच्या आधी मी मॅनेजरकडून मेलवर तीन गोष्टी लिहून घेतल्या होत्या. कोण काय बोललं हे विचारणार नाही. माझ्या वह्या मागणार नाही. आणि ह्यातून निघालेलं काहीही कोणाच्या अप्रेझलमध्ये वापरणार नाही. तो मेल टीमला दाखवला. ज्याला नको त्याने नको म्हणावं असं सांगितलं, एकीने म्हटलं नको, तिच्या शेजारी मी बसले नाही, विषय संपला.

आणि आता माती खाल्ल्याची गोष्ट, कारण एवढं सगळं करूनही व्हायचं ते झालंच.

रिपोर्टमध्ये आम्ही लोकांची वाक्यं जशीच्या तशी टाकतो, नाव न देता. बाहेरच्या युजरचं चालून जातं, हजारात एक ट्रान्सपोर्टवाला, कोण ओळखणार. इथे एका स्लाइडवर मी एक वाक्य टाकलं, एका सीनिअर डेव्हलपरबद्दल होतं, "पाहतो म्हणते अन् पाहतच नाही ना बे." मला ते इतकं आवडलं होतं, सगळा प्रॉब्लेम एका ओळीत. स्लाइड पडद्यावर आली आणि खोलीतली अर्धी माणसं वळून एकाच खुर्चीकडे बघायला लागली. अकरा जणांत नागपूरचा एकच होता.

नाव झाकलं आणि बोली उघडी ठेवली. मराठी मुलगी असून हे माझ्या लक्षात यायला नको? पुणं, कोल्हापूर, नागपूर, दोन शब्दांत माणूस कुठला ते कळतं आपल्याला. त्याला कोणी काही बोललं नाही, त्या डेव्हलपरनेही मोठ्या मनाने हसून सोडून दिलं, पण तो पोरगा पुढचे दोन महिने मला चहाला दिसला की फोन कानाला लावायचा. आणि त्याचं बरोबर होतं. मी जाऊन माफी मागितली तेव्हा म्हणाला, "तुम्ही वाईट नाही केलं ताई, पण आता मी काही बोलत नसतो." बाहेरचा युजर असता तर मी परत कधी त्याच्या समोर गेले नसते. इथे रोज लिफ्टमध्ये.

आता मी वाक्यं जशीच्या तशी टाकतच नाही. साध्या पुस्तकी भाषेत लिहून काढते आणि ज्याचं वाक्य आहे त्याला आधी वाचून दाखवते, हे टाकू का, असं टाकू का. चव जाते, जाऊ दे.

---

गूळपोळी

आई गं. वाचून पोटात गोळा आला. लहान टीममध्ये अनामिक असं काही नसतंच, हेच खरं. आमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मी 'अन्यथा' हा शब्द वापरला आणि मॅनेजर म्हणाला, हे तू लिहिलंस ना.

---

नेकरकाठी

मी श्टुटगार्टला असते, इकडचं सांगते. जर्मनीत ज्या कंपनीत कामगार परिषद आहे, बेट्रीब्सराट म्हणतात, तिथे कामगारांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवता येईल अशी कुठलीही तांत्रिक यंत्रणा आणायची तर आधी त्यांची संमती लागते, कायदाच आहे तसा. म्हणून इकडे नुसतं स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तरी आधी बेट्रीब्सराटपुढे बसायचं, काय रेकॉर्ड करणार, कोण बघणार, कधी पुसणार. पहिल्या वेळी मी जाम वैतागले होते, सहा आठवडे गेले. पण मग लोकांसमोर गेले तेव्हा कोणी घाबरलेलं नव्हतं, त्यांना माहीत होतं की त्यांच्या बाजूने कोणीतरी आधीच भांडून घेतलंय. तुझा तो तीन ओळींचा मेल म्हणजे घरगुती बेट्रीब्सराटच झाला. फक्त तो मॅनेजर बदलला की मेलची किंमत काय, हा प्रश्न आहे.

---

रातकिडा

मी सपोर्टमध्येच आहे (दुसऱ्या कंपनीत), नऊ वर्षं, त्यातली पाच नाइट. हा धागा एका दमात वाचला. दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बाहेरून कन्सल्टंट आले, गोड माणसं, 'डे इन द लाइफ' म्हणून आमच्यासोबत बसले, भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या लावल्या, पिझ्झा मागवला, आम्ही पण मनापासून सांगितलं की हे काम दोनदा होतं, ते तीनदा होतं, हे सिस्टिमने आपोआप व्हायला पाहिजे वगैरे. तीन महिन्यांनी सहा जणांना काढलं. कारण आम्हीच सांगितलं होतं ना काय काय आपोआप होऊ शकतं. तेव्हापासून कोणी वही घेऊन शेजारी बसलं की मी म्हणतो सगळं ओके आहे मॅम. तुमच्या त्या पहिल्या तिघांना मी दोष देणार नाही.

---

तिरकस

रातकिडा +१००. हेच म्हणत होतो.

---

चिकटचिठ्ठी

रातकिडा, ह्याला माझ्याकडे उत्तर नाहीये. एवढंच म्हणेन की काम घेण्याआधी 'ह्याचं पुढे काय करणार' हे विचारायची जबाबदारी माझ्यासारख्यांची, आणि उत्तर गोलमाल आलं तर काम घेऊ नये. नोकरीत असताना नाही म्हणणं सोपं नसतं हेही खरं. मला माणूस चांगला मिळाला हे नशीब, पद्धतीचं श्रेय नाही.

---

हातमाग

ह्याला उलटं एक उदाहरण आहे आणि तेही आपल्या शेजारचं, अहमदाबादचं. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस आले. मिलने नवे ऑटोमॅटिक माग आणले होते पण कापड काही मनासारखं निघत नव्हतं. राइस शेडमध्ये जाऊन बघत बसले. २२४ माग, २९ माणसं आणि त्यांची कामं १२ प्रकारची. विणकर वेगळा, बॅटरी (मागावरचा बॉबिनांचा साठा) भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेलवाला, झाडूवाला, जॉबर (म्हणजे मुकादम) वेगळा. आणि प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगवेगळी, त्यामुळे एका विणकराला मदत लागली तर ती कोणाकडून मिळणार हे दर वेळी बदलणार. कागदावर सगळं चोख आणि प्रत्यक्षात कोणीच कोणाचं नाही.

राइसनी सुचवलं की ठरावीक मागांना एक छोटा गट जोडून द्या, अंतर्गत वाटणी त्यांची त्यांनी करावी. आणि पुढचं मला सगळ्यात आवडतं, कल्पना कानावर पडल्याबरोबर कामगारांनी आणि जॉबरांनीच ती उचलली, आपले गट आपणच पाडले. उत्पादन सुधारलं, खराब कापड कमी झालं. १९७० मध्ये पुन्हा जाऊन पाहिलं तर काही ठिकाणी पद्धत टिकली होती, काही ठिकाणी गाडी जुन्याच वळणावर.

म्हणजे रिसर्चरने शोधलं काय हे एक, पण ज्यांच्यावर शोधलं त्यांच्या हातात ते दिलं का हे दुसरं. रातकिड्याच्या केसमध्ये चिठ्ठ्या भिंतीवरून थेट वरच्या मजल्यावर गेल्या.

---

गूळपोळी

हातमाग, तुम्ही नाव सार्थ केलंत! अवांतर: त्या चिठ्ठ्यांचा प्रकार कुठून आला? आमच्याकडे कुठल्याही वर्कशॉपला लावतात, मग सफाईवाल्या मावशी दुसऱ्या दिवशी झाडून नेतात.

---

चिकटचिठ्ठी

जिरो कावाकिता म्हणून जपानी मानववंशशास्त्रज्ञ होते, नेपाळमधल्या गावांत बरीच वर्षं काम केलेले, १९८४ चा मॅगसेसे पुरस्कारही मिळालाय त्यांना. गावात टिपलेल्या ढीगभर नोंदींचं करायचं काय म्हणून त्यांनी एकेका नोंदीची एकेक चिठ्ठी करून, सारख्या वाटणाऱ्या जवळजवळ ठेवत गट पाडायची रीत काढली. केजे मेथड म्हणतात. मूळ नियम असा की गटांची नावं आधी ठरवायची नाहीत, चिठ्ठ्या जवळ आल्या की मग नाव सुचतं. आपल्याकडे आधी चार मथळे लिहितात, 'पीपल, प्रोसेस, टेक्नॉलॉजी, अदर्स', आणि मग चिठ्ठ्या त्यात कोंबतात.

हातमागच्या मुद्द्यावर: चिठ्ठ्यांचं काम मी एकटीने केलं नाही. सपोर्टच्या चौघांना बोलावलं, दार बंद, मॅनेजर नाही. माझ्याकडे एक गट झाला होता 'फॉर्म मोठा आहे'. त्यातली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि तिने त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या उचलून दुसरीकडे लावल्या, म्हणाली हे फॉर्मचं नाहीये, हे 'आम्ही खरं बोलतोय ह्यावर त्यांचा विश्वास नाही' ह्याचं आहे. तेवीस रकाने कुठून आले ते शोधलं तर खरंच, प्रत्येक भांडणानंतर एकेक रकाना वाढलेला. 'ब्राउझर व्हर्जन' एका भांडणाचं, 'स्क्रीनशॉट जोडला का' दुसऱ्या भांडणाचं. मला एकटीला हे सात जन्मात दिसलं नसतं.

शेवटी झालं काय ते पण सांगते, कोणीतरी विचारेलच. फॉर्म सहा रकान्यांचा झाला. 'मूळ कारण' सपोर्टकडून काढून डेव्हलपरकडे गेलं, तिकीट बंद करताना त्याने भरायचं. रात्री बारा ते चार एक डेव्हलपर पाळीवर, ह्यावर महिनाभर रडारड झाली पण झालं. 'किराणा यादी'तला कोणाला काय कळतं तेवढा रकाना टीमच्या परवानगीने सगळ्यांसाठी खुला केला, बाकीचे रकाने त्यांचे त्यांच्याकडे. डेटाबेसवाले दोघे आता दुसऱ्या कामावर आहेत आणि मॅनेजरला ते पाच महिने अजून आठवतात, मी विषय काढत नाही. रात्रीच्या कॅबची तक्रार अकराच्या अकरा जणांनी केली होती, तिचं काही झालं नाही. ते 'ॲडमिन'कडे आहे म्हणे.

---

नवशिकाऊ_२२

ताई, मी नुकताच लागलोय एका स्टार्टअपमध्ये, मला पण करायचंय. पाच युजर पुरतात ना? कॉलेजात तसं शिकवलंय.

---

चिकटचिठ्ठी

ते जेकब नीलसन ह्या युजेबिलिटी तज्ज्ञाचं पाचवालं स्क्रीनमधल्या चुका शोधण्यापुरतं आहे रे. टीमच्या बाबतीत पाच जण निवडलेस तर सहावा विचारेल मला का नाही विचारलं, आणि तो पुढची दोन वर्षं विचारत राहील. टीम लहान असेल तर सगळ्यांना. आणि ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्याही शेजारी बस. मी डेव्हलपरांकडे चार दिवस बसले तेव्हा कळलं की त्यांना रात्रीतून सत्तर-ऐंशी मेल येतात आणि टिंबांनी भरलेली तिकिटं बघून त्यांचं पण डोकं फिरतं, ते बिचारे 'पाहतो' म्हणतात तेव्हा खरंच पाहायचं असतं त्यांना. आणि शक्यतो इंग्रजीत विचारू नकोस. आमच्याकडे दोघं तमिळ होते, त्यांच्याशी आमच्या मोडक्या हिंदीत झालं, मोडक्या भाषेत माणूस बरं खरं बोलतो.

---

चाकणकर_७

धागा वर आणतोय. तीन आठवडे झाले. तुमचं वाचून मी पण उभा राहिलो, टूल स्टोअरच्या खिडकीपाशी, तीन दिवस, रोज दोन-अडीच तास. वही नाही घेतली, नुसता उभा. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं कोणाची तरी विकेट जाणार. तिसऱ्या दिवशी विसरले.

आमच्याकडे सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) इन्सर्ट लागतात, धातू कापणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा पण महाग. नियम असा की जुना इन्सर्ट परत द्यायचा, रजिस्टरवर शिफ्ट इन्चार्जची सही आणायची, मग नवा मिळणार. एक ऑपरेटर आला, सही नाही, इन्चार्ज शोधायला गेला, तो कँटीनला, मग क्वालिटीला, अकरा मिनिटं मशीन बंद. परत आला, इन्सर्ट घेतला. मी त्याच्या मागोमाग मशीनपाशी गेलो, म्हटलं दाखव कसं बसवतोस. पोरगा जरा घुटमळला आणि मग डब्याच्या पिशवीतून एक पुडी काढली, पेपरात गुंडाळलेली, त्यात पाच इन्सर्ट. म्हणाला, साहेब रोज कोण पळणार, इन्चार्ज सापडला की एकदम दोन-तीन लिहून घेतो आणि साठवून ठेवतो. सगळेच ठेवतात.

महिन्याला इन्सर्टचा हिशेब लागत नाही म्हणून आम्ही चोरी धरून बसलो होतो. सगळा माल डब्यांच्या पिशव्यांत आहे.

आता खरी अडचण. तो सहीचा नियम २०१९ मध्ये मीच काढलाय, त्याबद्दल मला त्या वर्षी कायझेनचं (कामात सुधारणा सुचवल्याचं) बक्षीस पण मिळालंय, फोटो आहे नोटीस बोर्डावर. साहेबांना सांगू कसं?

---

निवृत्त_लेखनिक

आधी फोटो काढून घ्या.

---

चिकटचिठ्ठी

काका!! 😂

चाकणकर, साहेबांना सांगायच्या आधी त्या पोराला विचारा की पुडीची गोष्ट सांगू का. आणि सांगताना 'एक ऑपरेटर' म्हणू नका, 'सगळ्यांकडे आहे' म्हणा. कोणाच्या पिशवीत होती ते तुमच्यापाशीच राहू द्या.

---

चाकणकर_७

विचारलं. म्हणतोय सांगा, पण आधी माझ्या पुडीतले पाच संपू द्या.